माई लंडनला गेली तेव्हा

माई लंडनच्या गोष्टी सांगायची, पण सुरुवात कधी बोटीपासून करायची नाही. मे महिन्यात दहिवडीच्या घराच्या माळवदावर आम्ही पोरं अंथरुणं टाकून पडलेलो असायचो. कुणीतरी म्हणायचं, "माई, बोटीची सांग की." ती म्हणायची, "सांगते. पण माझ्याआधी त्या वाटेने कोण कोण गेलं, ते आधी ऐका." मग पंडिता रमाबाई यायच्या, अण्णा कर्वे यायचे, आणि बॅलार्ड पिअरवरून माईची बोट सुटेपर्यंत निम्मी पोरं झोपी गेलेली असायची. मी जागी राहायचे. पुढे मी शिक्षिका झाले. बरीच वर्षं शिकवून झाल्यावर शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घ्यायला माईच्याच वाटेने लंडनला गेले. ती गोष्ट इतक्या मागून का सुरू करायची, ते तिथे गेल्यावर उमगलं.

माई म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि अठराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला सासरहून आणलं आणि थेट पुण्याला हिंगण्यात नेऊन घातलं. तिथली कर्व्यांची विधवा मुलींसाठीची संस्था १८९६ सालची. १९०० पासून ती हिंगण्याच्या माळावर आली. माई तिथे गेली तेव्हा अण्णा नव्वदीला टेकले होते. मुलींच्या वसतिगृहात एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळ्या त्यांना काकू म्हणत. त्यांचं सारं आयुष्य त्या माळावर शिकवण्यात गेलेलं. रात्री कंदील बारीक करून त्या मुलींना गोष्टी सांगायच्या. माई आम्हाला सांगायची त्या मूळच्या काकूंच्या, आणि काकूंनी त्यातल्या बऱ्याच बाया कर्व्यांच्या तोंडून ऐकलेल्या.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या काही कोवळी विद्यार्थिनी म्हणून नव्हे. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं होतं. आदल्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींच्या शाळांसाठी नीट शिकवून तयार केलेल्या शिक्षिका मागितल्या होत्या. मनात होतं डॉक्टर व्हायचं, पण कानांनी साथ दिली नाही. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या एकीकडे संस्कृत शिकवायच्या आणि दुसरीकडे स्वतः शिकायच्या. हे सांगताना काकूंचा आवाज चढायचा म्हणे. "बघा गं, मास्तरीण आणि विद्यार्थिनी, एकाच छपराखाली, एकाच लुगड्यात!" पुढे आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. तो दिवस ११ मार्च १८८६. समारंभ आटोपून लगेच परतायचं सोडून त्या अमेरिकेतच राहिल्या, फ्रोबेलची बालोद्यान पद्धत शिकल्या आणि तिच्यावर मराठी पुस्तकं करायला बसल्या. मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं ते ११ मार्च १८८९ रोजी. तिथे पहिल्या-पहिल्यांदा आलेल्या विधवा मुलींत एक गोदूबाई होती. ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईचं धोंडो केशव कर्व्यांशी, म्हणजेच अण्णांशी, लग्न झालं आणि ती बाया कर्वे झाली. काकू ही तारीख तीनदा सांगायच्या, माईही तीनदा सांगायची. आम्हा पोरांना त्यातलं काही कळत नसे, पण तारीख पाठ झाली.

अण्णांची गोष्ट वेगळी. जपानमधल्या महिला विद्यापीठावरची एक पुस्तिका हाती पडली, त्यातून १९१६ साली आपल्याकडचं महिला विद्यापीठ निघालं. परदेशाची गाठ पडली ती अशी कागदावर. प्रत्यक्ष जाणं झालं ते १९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी. इंग्लंडात मालव्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद, मग जिनिव्हा, मग ऑगस्टमध्ये डेन्मार्कात एल्सिनोरला नव्या शिक्षणाच्या चळवळीचा मोठा मेळावा. मॉन्टेसरीबाईंची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली ती त्याच मेळाव्याच्या जोडीने. पुण्याचा हा गणिताचा निवृत्त प्रोफेसर तिथे शिकायलाही गेला होता आणि सांगायलाही. काकूंचं म्हणणं, अण्णा तिकडून आले ते नवं ज्ञान पोत्यात भरून नव्हे. आपलं काय बरोबर चाललंय आणि काय अडतंय, हे आणखी स्पष्ट करून घेऊन आले.

मला हे पटतं, आणि इतिहासही तेच दाखवतो. मुंबई विद्यापीठाने १९३६ साली एम.एड. सुरू केलं, देशातली ती पहिलीच. त्याआधी शिक्षणशास्त्रात वरची पदवी हवी तर समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. लंडनचं शिक्षक-महाविद्यालय १९०२ मध्ये निघालं आणि १९३२ पासून इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. न्यूयॉर्कला कोलंबियाचं टीचर्स कॉलेज होतं, तिथे शेजारच्याच इमारतींत जॉन ड्यूई शिकवत होते आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्यांत बाबासाहेब होते. अशा ठिकाणी आपल्याकडून जाणारे बरेचसे आधी मास्तर असायचे. शाळेत राबून, हात खडूने पांढरे झाल्यावर मगच त्यांना विलायत दिसायची. म्हणून त्यांचं शिकणं कोऱ्या पाटीवरचं नसायचं.

माईचं तरी काय वेगळं होतं? मॅट्रिक, बी.ए., टिळक कॉलेजातलं बी.टी. संपवून ती माणदेशात परत आली आणि हायस्कुलात मराठी शिकवायला लागली. पुण्यात राहा म्हणून सांगणारे पुष्कळ होते. ती म्हणायची, "तिथं शिकवणाऱ्या भरपूर आहेत." माणदेशातली शाळा म्हणजे काय, हे ज्यांनी व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची 'बनगरवाडी' वाचली आहे त्यांना सांगायला नको. पाऊस नाही, माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी, धनगरांची पोरं मेंढरांमागे कोकणाच्या बाजूला निघाली की वर्गात निम्मी जागा मोकळी. जी यायची त्यांची बोली एक, पुस्तकाची भाषा दुसरी. माई दहा वर्षं त्या दोहोंच्या मधे उभी राहिली. एक मुलगा होता, धनगराचाच. 'माझी शाळा' यावर त्याने तीन ओळी लिहिल्या: माझी शाळा मोठी आहे. माझी शाळा चांगली आहे. मला माझी शाळा आवडते. तोच मुलगा मधल्या सुट्टीत लांडगा वाड्यात कसा शिरला ते सांगायला लागला की शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरायचा. हा मुलगा लिहिताना मुका का होतो? या एका प्रश्नासाठी मी लंडनला गेले, असं माई म्हणायची. बाकी कारणं लोकांनी चिकटवली.

१९५९ साली ऑक्सफर्डला राष्ट्रकुलातल्या देशांची शिक्षण परिषद भरली. तिच्यातून शिष्यवृत्त्या निघाल्या, आणि काम करत असलेल्या शिक्षकांसाठी वेगळी बर्सरीही निघाली. माईच्या हेडमास्तरांनी तिची जाहिरात कापून स्टाफरूमच्या फळ्याला टाचली. अर्ज एकीनेच केला. बर्सरी मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा घरात रडारड झाली. विधवा बाई, छत्तीस वर्षांची, एकटी, परमुलखात, आणि तेही शिकायला! "आता शिकून काय करणार?" हे आजोबांच्या सासूबाईंचं वाक्य घरात अजून सांगितलं जातं. आजोबा एवढंच बोलले, "ती शिकवते, म्हणून शिकायला जाते."

साल १९६६. जूनच्या सुरुवातीला रुपयाचं अवमूल्यन झालं; तेरा रुपये तेहतीस पैशांचा पौंड एका रात्रीत एकवीस रुपयांचा झाला. परकी चलनाची इतकी टंचाई की देश सोडताना माणसाला तीन पौंड मिळायचे. माईने ते रुमालाच्या गाठीत बांधले आणि गाठ पोलक्यात ठेवली. बोट इटालियन, लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीची. सुएझमधून जिनोआ, तिथून आगगाडीने लंडन. बोटीवर पहिले दोन दिवस तिने लिंबाच्या लोणच्यावर काढले. बोटीचा भाग ती इथेच संपवायची. आम्ही हट्ट केला तरी पुढे जास्त सांगायची नाही.

इन्स्टिट्यूट तेव्हा मॅलेट स्ट्रीटवर, सेनेट हाउसच्या उंच पांढऱ्या इमारतीच्या एका अंगाला होती. तिथे थेट एम.ए. नव्हतं, आधी डिप्लोमा, तो नीट पार पडला तरच पुढे. बर्सरी पहिल्या वर्षाची. दुसऱ्या वर्षासाठी शाळेने बिनपगारी रजा वाढवून दिली आणि माई संध्याकाळी पंजाबी आणि गुजराती बायकांना इंग्रजी शिकवून भागवायची. वाचलेले पौंड घरी पाठवायची. १९६७ च्या नोव्हेंबरात ब्रिटननेही पौंड उतरवला आणि एकवीसचा अठरा रुपयांवर आला. हे सगळे भाव तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होते, कारण तिच्या आईचं औषध त्यांच्यावर चालायचं. वरणभाताची आठवण अनावर झाली की ती फिट्झरॉय स्क्वेअरच्या इंडियन वायएमसीएच्या कँटीनमध्ये जायची. महाराष्ट्र मंडळ तिथे १९३२ पासून आहे. त्यांच्या दिवाळीला तिने स्वतः चकल्या पाडल्या होत्या, असं सांगताना ती खुलायची.

तिथे ती कुणाकडे शिकली, हे मला खूप नंतर कळलं. तत्त्वज्ञानाला रिचर्ड पीटर्स होते. 'सुशिक्षित' म्हणजे कोण, हा एवढाच प्रश्न ते आठवडेच्या आठवडे तपासायला लावायचे. माईला हे आवडायचं, पण लवकर थकवायचं. तिचं मन रमलं ते बेसिल बर्नस्टाइन यांच्या व्याख्यानांत. बर्नस्टाइन हे विद्यापीठातच वाढलेले पंडित नव्हते. लंडनच्या पूर्वेकडच्या गरीब वस्तीत त्यांनी समाजकार्य केलं होतं आणि शोरडिचच्या ज्या कॉलेजात टपालखात्यातल्या पोऱ्यांना कामाच्या दिवशी सुट्टी देऊन पाठवत, तिथे त्या पोऱ्यांना शिकवलं होतं. ही पोरं डोक्याने तल्लख, पण शाळेच्या भाषेपुढे गप्प. ते का, हा त्यांचा प्रश्न होता. माईला वाटलं, या माणसाने माझीच वही वाचलीय.

त्यांच्या संशोधन गटातलं एक उदाहरण पुढे १९६९ मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. मुलांना चित्रांची मालिका दाखवायची: मुलं चेंडू खेळतायत, चेंडू खिडकीवर बसतो, काच फुटते, एक माणूस ओरडतो. सुखवस्तू घरातलं मूल सांगतं, तीन मुलगे फुटबॉल खेळत आहेत, त्यातला एक चेंडू मारतो, तो खिडकीतून आत जातो. कामगाराच्या घरातलं मूल सांगतं, ते खेळतायत, तो मारतो, ते तिकडे जातं. पहिलं बोलणं चित्र न बघताही समजतं. दुसरं समजायला चित्र समोर लागतं. यावरून पुष्कळांनी सरळ निष्कर्ष काढला की गरिबाच्या पोराची भाषाच तोकडी. बर्नस्टाइनना तसं म्हणायचं नव्हतं. १९७० मध्ये त्यांनी ते स्पष्ट लिहिलंही. अमेरिकेत भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६९ मध्ये काळ्या मुलांच्या बोलीतला तर्क उलगडून दाखवला आणि 'तोकड्या भाषे'च्या कल्पनेवर सरळ घाव घातला.

माईजवळ १९६७ साली यातलं काहीच छापील नव्हतं. तिच्याजवळ दहा वर्षं शिकवलेली पोरं होती. चर्चेत ती म्हणाली, "दुसरं मूल 'तो' म्हणतं, कारण त्याला वाटतं तुम्हीही चित्र बघताय. आमच्या वाडीत 'त्याला तिकडं नेलं' एवढं म्हटलं तरी कुणाला, कुठं, कशाला ते सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या घरात सगळं एकमेकांना माहीत आहे, तिथं उगाच सविस्तर बोलणं हा परकेपणा वाटतो." तिच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, पुरावा? माई गप्प बसली. इतकी वर्षं शिकवलेलं पुरावा म्हणून कसं मांडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मते अनुभवी शिक्षकाला अशा पदवीची गरज असते ती नेमकी इथे. त्याला माहिती असते, जाणही असते. पण तिला पारखायची, दुसऱ्यापुढे ठेवायची, आणि चुकली तर सोडून द्यायची रीत त्याच्या हाती नसते. शाळेच्या घंटेवर चालणाऱ्या दिवसात ती रीत शिकायला वेळच मिळत नाही.

मधल्या काळात माईच्या वर्गातल्या सगळ्यांना प्राथमिक शाळांत निरीक्षणाला पाठवत. प्राथमिक शिक्षणावरचा प्लाउडेन समितीचा अहवाल १९६७ च्या जानेवारीत आला होता. मूल केंद्रस्थानी, असं जो तो बोलत होता. एका शाळेत माईने पाहिलं, सकाळी दुधाची छोटी बाटली प्रत्येकाच्या पुढ्यात, मुलं गोल टेबलांभोवती, भिंतीवर त्यांचीच चित्रं. तिला ते फार आवडलं. कोपऱ्यात जमैकाहून आलेल्या कुटुंबातली एक मुलगी बसली होती. वर्गशिक्षिका हळूच म्हणाली, हिला भाषाच नाही. सुट्टीत माई पटांगणात उभी राहिली. तीच मुलगी दोरीवरच्या उड्यांचा खेळ चालवत होती, लांबलचक गाणं न अडखळता म्हणत होती, चुकलेल्या गोऱ्या मुलींना बाहेर काढत होती. माईने त्या रात्री आजोबांना जे एरोग्राम लिहिलं ते अजून आमच्याकडे आहे. त्यात त्या मुलीबद्दल पाऊण पान आहे आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, 'इथेही आपला तो धनगराचा पोरगा आहे.'

१९६७ चा डिसेंबर आला. ११ तारखेच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. लंडनला तेव्हा रविवारची रात्र होती, माई झोपलेली होती. सोमवारी पेपरात सातारा जिल्ह्याचं नाव वाचून तिचे हातपाय गळाले. कोयनानगर पाटण तालुक्यात, आपलं गाव पूर्वेला लांब, हे तिला कळत होतं; पण छापील चार ओळींवरून काय समजायचं? दीडशेहून अधिक माणसं त्या पहाटे गेली होती. तीन दिवसांनी आजोबांची तार आली: सर्व सुखरूप.

त्यानंतर जानेवारीत एक जाड पाकीट आलं. हेडमास्तरांनी वर्गाला 'भूकंपाची पहाट' हा विषय दिला होता आणि सगळे निबंध बाईंना वाचायला पाठवले होते. सुएझ जूनच्या अरब-इस्रायल युद्धापासून बंद, समुद्रमार्गे पाठवलं तर आफ्रिकेला वळसा. म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून विमानटपालाची तिकिटं लावली. एका सुंदर अक्षराच्या मुलीने लिहिलं होतं की निसर्गाने रौद्र रूप धारण केले आणि मानवाचा अहंकार धुळीस मिळाला. पान भरून असंच. तिच्या घरी काय झालं, ते त्यात कुठेच नव्हतं. परीक्षेत तिलाच सगळ्यांत जास्त गुण मिळाले असते. मीही तेच दिले असते, असं माई म्हणायची. त्याखाली त्या मुक्या मुलाचा कागद होता. माईने तो आम्हाला इतक्यांदा म्हणून दाखवला की मला तो तसाच्या तसा येतो:

"आमी वाड्यावर हुतो. पाटंचं कुत्री वरडाय लागली. बा म्हणला लांडगा आला. आमी काट्या घिऊन उटलो. मेंढरं एका अंगाला पळाली मग दुसऱ्या अंगाला पळाली. लांडगा आसता तर मेंढरं एकाच अंगाला पळाली आसती. तवा मला कळलं लांडगा न्हाई. मग पायाखाली हाललं. बाला म्हणलं भुई हालती. बा म्हणला गप. मग बाला बी कळलं."

वर्तनी सगळी चुकलेली. पण वाचा नीट. आधी वडिलांचा अंदाज. मग मेंढरांचं निरीक्षण. मग पडताळा: लांडगा असता तर असं झालं असतं, तसं झालेलं नाही. मग अंदाज सोडून देणं, आणि तेही बाप म्हणतो म्हणून न थांबता. अंधारात, काठी हातात असताना, बारा-तेरा वर्षांच्या पोराने हे केलं आणि दोन आठवड्यांनी कागदावर उतरवलं. माईने दोन्ही निबंध इंग्रजीत करून चर्चेत ठेवले, कोणता कुणाचा ते न सांगता. विचार कुठे आहे ते दाखवा, एवढंच विचारलं. बराच वेळ चर्चा चालली. शेवटी मार्गदर्शक बाई म्हणाल्या, तुझा प्रबंध हा आहे.

तिने पुढचे महिने त्या पाकिटातल्या प्रत्येक निबंधावर काम केलं. मुलाने वाचणाऱ्याला काय माहीत आहे असं धरलं, काय सांगायचं सोडलं, कुठे कारण दिलं, कुठे पुस्तकातलं वाक्य उचललं, असे खण पाडले. तिच्या लक्षात आलं की धनगराच्या मुलालाही एक गोष्ट शिकायची आहेच. 'वाडा' म्हणजे मेंढरांचा, हे साताऱ्याच्या शहरी वाचकाला कळणार नाही, आणि मेंढरं एकाच अंगाला का पळतात तेही नाही. ते त्याने सांगायला हवं. पण ती उणीव त्याच्या भाषेची नव्हे. वाडीबाहेरच्या माणसासाठी लिहायचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता, एवढंच. १९६८ च्या मे महिन्यात टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये गांधीजींच्या पुतळ्याचं अनावरण पंतप्रधान विल्सन यांच्या हस्ते झालं; माई त्या गर्दीत उभी होती आणि काखेत टंकलेखनाला द्यायची शेवटची प्रकरणं होती.

सुएझ बंदच होता, म्हणून ती विमानाने परतली. पुण्यात नोकरीची बोलणी आली, तिने नाही म्हटलं. कोठारी शिक्षण आयोगाचा अहवाल नुकता येऊन गेला होता, तो लिहिण्यात आपल्या बहिरेवाडीच्या जे. पी. नाईकांचा मोठा हात. बालभारतीही १९६७ मध्येच स्थापन झालेली. नव्या पुस्तकांचं वारं होतं. माईने मात्र आपल्या वर्गात एकच बदल केला आणि तो निवृत्तीपर्यंत चालवला. शनिवारी एक मूल उभं राहून घडलेली गोष्ट सांगे, आपल्या बोलीत, अडवायचं नाही. दुसरं मूल ती फळ्यावर जशीच्या तशी लिही. मग सगळा वर्ग मिळून ती पुन्हा लिही, आणि सूचना एवढीच: जो तिथं नव्हता त्याला कळलं पाहिजे. मुलं आपसांत भांडत. "वाडा कसला ते लिही," "कुणाचा बा ते लिही." पहिला मसुदा पुसायचा नाही, दोन्ही वहीत शेजारी-शेजारी उतरवायचे. तपासायला आलेल्या एका साहेबांनी डाव्या पानावरच्या अशुद्ध मराठीवर लाल रेघा मारल्या आणि शेरा लिहिला. माईने त्यांना उजवं पान वाचायची विनंती केली. त्यांनी वाचलं की नाही, हे ती कधी सांगायची नाही. पुढच्या शनिवारी काय झालं तेच सांगायची. माझे वडील तिच्याच वर्गात असं लिहायला शिकले. दुष्काळाच्या साली, १९७२ मध्ये, रोजगार हमीच्या कामावरच्या बायकांचे अर्ज तिची नववीतली मुलं लिहून द्यायची, आणि ते तहसील कचेरीत परत येत नसत, हे मी वडिलांकडून ऐकलंय.

मी गेले तेव्हा इन्स्टिट्यूट बेडफर्ड वेवर होती, डेनिस लॅस्डन यांनी बांधलेल्या लांबलचक काँक्रीटच्या इमारतीत. २०१४ पासून ती युनिव्हर्सिटी कॉलेजचाच भाग आहे. पदवी आता एका वर्षात होते. माईला दोन वर्षं मिळाली, आणि मला वाटतं तोच मोठा फरक. आम्हाला सप्टेंबरात आल्यापासूनच निबंधांच्या तारखा खुणावू लागतात. एखादं पाकीट घरून येऊन सगळं उलटंपालटं करील, इतकी सवड त्या वर्षात नसते. माझ्या वर्गात घानाची एक मुख्याध्यापिका होती, चिलीचा एक गणिताचा शिक्षक होता, आणि थेट पदवीवरून आलेली तरुण मुलं होती. मुलं वाचनात आमच्या पुढे असायची, झपाट्याने लिहायची. पण एखाद्या सिद्धान्तावर चर्चा पेटली की घानाची ती बाई म्हणायची, "माझ्या शाळेत हे मंगळवारी लागू पडेल, शुक्रवारी नाही, शुक्रवारी बाजार असतो," आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळायचा. मला त्या क्षणी माईची फार आठवण यायची.

म्हणून एक गोष्ट मनाला लागते. केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीला पस्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शिक्षकाला स्वतःचा प्रश्न सापडतो तो साधारण त्याच वयाच्या आसपास. माई गेली तेव्हा ती छत्तिशीत होती, रमाबाई गेल्या त्या आधीच नावारूपाला आलेल्या होत्या, अण्णा एकाहत्तर वर्षांचे होते. तरुणांना पाठवावंच, त्यांचा हक्कच आहे. पण काम करत असलेल्या शिक्षकांसाठी निराळी बर्सरी एका काळी होती, तिच्यामागचा विचार पक्का होता, आणि तो आपल्या राज्याने पुन्हा हाती घ्यायला हवा: अभ्यासरजा, पगारासह, आणि परत आल्यावर त्याच वर्गात उभं राहायची मुभा. परत आलेल्या शिक्षकाला कचेरीत बसवलं की त्याचं शिकणं मुलांपासून तुटतं.

माझ्या शाळेतली एक सहकारी यंदा अर्ज करते आहे. चाळिशी ओलांडलेली, आधी बीड जिल्ह्यात होती, ऊसतोडीच्या हंगामात साखरशाळेवर जायची. अर्जासोबतचा निबंध तिने मला वाचायला दिला. पहिल्या दीड पानात शिक्षणाचं जागतिक महत्त्व आणि एकविसावं शतक होतं. दुसऱ्या पानाच्या तळाला चार ओळी होत्या: कोपीत राहणारी एक मुलगी फडातल्या मोळ्यांचा हिशेब मुकादमापेक्षा लवकर करते आणि वर्गात बेरजेच्या उदाहरणापुढे पेन्सिल खाली ठेवते, असं का होतं ते मला शोधायचं आहे. मी तिला म्हटलं, "दीड पान काढून टाक, इथून सुरू कर, आणि मोळी म्हणजे काय ते लिही, वाचणारा तिथं नव्हता." काल तिने नवा मसुदा पाठवला. त्यात मोळी किती उसांची, ती कशाने बांधतात आणि मुलगी बोटांच्या पेरांवर कशी मोजते, हे आलं आहे. मुकादमाची पद्धत अजून नीट उतरलेली नाही, तेवढ्यासाठी आम्ही रविवारी बसणार आहोत.